नूरैनबीबीच्या घरातली गार खोली

मस्कतमध्ये चोवीस वर्षं काढलेला माणूस थंडी विसरून जातो. प्रेमानंद मोहिते तर गारव्याचंच काम करणारा. रुवीतल्या एका मेन्टेनन्स कंपनीत तो फिटर म्हणून लागला आणि आता सुपरवायझर झाला होता. मोठ्या इमारतींच्या गच्चीवरून एसीचं गार पाणी मजल्यामजल्यांवर फिरवणारे पाइप, हे त्याचं जग. पाइपाला नुसता तळवा लावून आत पाणी वाहतंय की अडलंय हे तो सांगायचा. कधी स्क्रूड्रायव्हरचं टोक पाइपावर टेकवून मूठ कानाशी धरायचा आणि डोळे मिटायचा. मग पाच पाच मिनिटं हलायचा नाही. बरोबरची माणसं म्हणायची, मोहित्यांची समाधी लागली.

जानेवारीतल्या एका सोमवारी इंजिनिअर राजीवने त्याला ऑफिसात बोलावलं.

"मोहिते, उद्या जबल अख्दरवर जाऊन या. तिथे एका घरात हीटिंग बंद पडलंय."

"हीटिंग? ओमानमध्ये?"

"डोंगरावर आहे ना. दोन हजार मीटर. कुणीतरी हौसेने बसवलंय, बॉयलर, भिंतीवर हीटर, सगळं. जुनं झालंय. मालकिणीचा मुलगा आपल्याकडून नवे स्प्लिट एसी लावून घेईल, गरम-गार दोन्ही. तुम्ही फक्त बघून या आणि सिस्टीम बाद झाली म्हणून रिपोर्ट द्या. तीन दिवस धरा, जायला यायला घाट आहे."

संध्याकाळी दार्सैतच्या घरी प्रेमानंदने हे सांगितलं तेव्हा त्याच्या बायकोला, विशाखाला, हसू आलं. "म्हणजे इतकी वर्षं घरं गार केलीत, आता गरम करायला निघालात," ती म्हणाली आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यातून त्याचा एकुलता एक स्वेटर काढून झटकू लागली.

मंगळवारी पहाटेच शांताराम कंपनीची फोर-व्हील गाडी घेऊन आला. शांताराम मालवणकडचा, साठीला टेकलेला ड्रायव्हर. पायथ्याच्या चौकीवर पोलिसाने गाडी फोर-व्हीलच आहे ना ते पाहून पुढे सोडलं आणि मग रस्ता नुसता वर वर चढत राहिला. खजुराची झाडं खाली राहिली. उघडे तपकिरी कडे एकामागून एक बाजूला सरत गेले. वर सैकच्या पठारावर पोचून गाडीचं दार उघडलं तर हवेचा असा काही चावरा झोत आत आला की शांतारामने दार परत ओढून घेतलं.

"आये गे! हंय माणूस रवता तरी कसो?"

घर पठाराच्या अगदी कडेला होतं. दगडी, बुटकं, एकमजली. त्याच्याखाली डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं उतरत गेलेली. त्यांत छाटलेली गुलाबाची झुडपं आणि पानं झडलेली डाळिंबं उभी होती, आणि त्यांच्या मधून फलज, म्हणजे डोंगरातल्या झऱ्याचं पाणी खेळवणारा अरुंद पाट, बारीक आवाज करत चालला होता.

मालकीण नूरैनबीबी दारातच उभी होती. सत्तरी ओलांडलेली, उंच, अंगावर दोन शाली. तिचं बालपण मस्कतमधल्या मत्रहच्या बाजाराजवळ गेलेलं. शेजारी कच्छी व्यापाऱ्यांची दुकानं होती, त्यामुळे मोडकीतोडकी हिंदी तिला येत होती. प्रेमानंदने नाव सांगितलं. अरबी जिभेवर प उमटत नाही, म्हणून ती म्हणाली, "ब्रेमानंद. या, आत या. आत पण बाहेरच्यासारखंच आहे."

खरंच होतं ते. घरात आठ हीटर होते, खिडक्यांखाली भिंतीला टेकलेले, पत्र्याचे, पांढरे. मागच्या शेडमधल्या डिझेलच्या बॉयलरवर पाणी तापायचं आणि पंपाने पाइपांतून या हीटरांच्या पोटात फिरायचं. प्रेमानंदने बॉयलर चालू केला आणि तासाभराने एकेका हीटरवर हात फिरवला. काही वरच्या कडेला कोमट, खाली बर्फ. काही पूर्ण मेलेले. शेवटच्या खोलीतला, बीबी झोपायची तिथला, सगळ्यात गार होता.

"हे कुणी बसवलं?"

"माझ्या नवऱ्याने. जहाजावर बॉयलरमध्ये काम करायचा, तीस वर्षं. थंड बंदरांत फिरला. म्हणायचा, बायकोला डोंगरावर ठेवायचं तर घर आगबोटीसारखं उबदार पाहिजे." तिने गार पत्र्यावर हात ठेवला. "तो गेला त्याला चार वर्षं झाली. नंतर हळूहळू हे पण थंड होत गेलं."

"आणि तुमचा मुलगा?"

"शुक्रवारी येणार आहे. त्याला नवी यंत्रं बिंत्रं काही लावायची नाहीत, ते तो नुसतं तुमच्या कंपनीला सांगतो. घराला कुलूप लावून तो मला खाली मस्कतला नेणार. मी म्हटलं, आधी एखाद्या उस्तादाला तर बघू दे. आता तू कागदावर जे लिहिशील तेच होणार."

तिच्या बोलण्यात विनवणी नव्हती. डोंगरावर पाऊस पडेल की नाही हे सांगावं, तसं ती बोलली. पण प्रेमानंदला खिशातलं पेन एकदम जड वाटलं.

त्याने हॉलमधल्या हीटरखाली बादली ठेवून नट सैल केला. पाणी आलं ते काळं होतं, शाईसारखं, तळाला दाट. त्याने अवजारांच्या पेटीतलं लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलं आणि बादलीत बुडवलं. वर काढलं तर त्यावर काळी लव उभी राहिलेली, एखाद्या मांजराच्या पाठीसारखी.

"अल्ला!" बीबी वाकून बघायला लागली. "हे काय?"

"गंज, बीबी. पत्रा आतून झिजतो, त्याचा गाळ होतो. तो तळाला बसला की गरम पाण्याला वाटच राहत नाही." त्याने पत्र्यावर बोटाच्या सांध्याने टकटक केलं, कान लावून ऐकलं. "पण पत्रा अजून जाड आहे. फुटलेला नाही एकही. सिस्टीम मेलेली नाही, तुंबलीय."

शांताराम दारातून हे ऐकत होता. तो मराठीत म्हणाला, "मोहित्यानू, रिपोर्ट लिवा आणि चला. बाद लिवचा असा ना? माका थंडी बाधतली."

"शांतारामभाऊ, दुपारपर्यंत थांबा. एकट्याला उचलवणार नाहीत हे हीटर."

शांताराम कुरकुरला, पण थांबला. दोघांनी मिळून सगळं पाणी काढलं, एकेक हीटर भिंतीवरून उतरवला आणि मागच्या फरसबंद अंगणात नेऊन उभा केला. बादल्या भरल्या तेव्हा प्रेमानंदने विचारलं, "बीबी, हे काळं पाणी कुठे ठेवू? फलजात एक थेंब जाता कामा नये."

बीबीने त्याच्याकडे नीट पाहिलं. "हे मी तुला सांगणार होते. तूच कसं सांगितलंस?"

"माझे वडील विहिरी उपसायचे," एवढंच तो म्हणाला. तिने शेडमधले दोन रिकामे डिझेलचे पिंप दाखवले. गाळ त्यात भरायचा, तळाला बसू द्यायचा, आणि खाली जाताना गाडीतून न्यायचा असं ठरलं.

गंजाचं औषध आणायला शांताराम डोंगराखाली गेला आणि अंगणात प्रेमानंद एकटा उरला. एकेक हीटर आडवा ठेवायचा, एका तोंडाने पाइप लावून पाणी सोडायचं, मग दुसऱ्या तोंडाने उलटं, मधेमधे रबरी हातोड्याने पाठीवर थापट्या मारायच्या. आतून काळे लोट पिंपात पडायचे, मग करडे, मग चहासारखे, मग नुसतं पाणी. बोटं थंडीने लाल झाली होती. दुपार कलता कलता खालच्या दरीतून धुकं वर आलं. आधी डाळिंबं गेली, मग गुलाबाची झुडपं, मग अंगणाची कडाही गेली. उरलं ते आठ पांढरे पत्रे, पाण्याचा आवाज आणि तो.

त्या पांढऱ्यात हात आपोआप चालत राहिले आणि मन कुठल्या कुठे गेलं. गुहागरकडच्या गावी वैशाखात विहिरीचं पाणी तळाला गेलं की गावकीच्या विहिरीतला गाळ काढायला वडिलांना बोलावणं यायचं. कमरेला दोर बांधून ते आत उतरत. घमेली वर येत, काळ्याशार थंड चिखलाने भरलेली. लहानगा प्रेमानंद लांब फणसाखाली बसून बघायचा. गाळातून काय काय निघायचं. पितळेचा लोटा, बांगड्यांचे तुकडे, एकदा तर लाकडाची बाहुली. अखेरीला आतून वडिलांची हाक यायची, "फुटली रे धार!" नवं पाणी पहिल्यांदा त्यांच्या पायांवर यायचं. पण त्या विहिरीवर बौद्धवाडीने घागर बुडवायची नाही, हा तेव्हाचा रिवाज. वडील कधी चिडून बोलले नाहीत. वर येत, विहिरीकडे पाठ करत, घरी जाऊन वाडीच्या विहिरीचं पाणी ओंजळीने पीत, खूप वेळ पीत राहत.

कुणीतरी खांद्याला हात लावला. बीबी होती, हातात कॉफीची लहानशी वाटी आणि खजूर.

"किती हाका मारल्या. कुठे होतास?"

"गावाला," प्रेमानंद म्हणाला.

तिला यात काही नवल वाटलं नाही. पायरीवर बसून ती म्हणाली, "धुक्यात मी पण जाते. मत्रहला जाते. वडिलांच्या दुकानात गोण्यांवर झोपते. मग भूक लागते आणि परत येते." दोघांनी कॉफी संपवली. धुक्यातून फलजाचा आवाज येत राहिला, कधी डावीकडून तर कधी पायाखालून.

बुधवारी शांताराम परत आला. हीटर भिंतींवर चढले. प्रेमानंदने त्यात नवं पाणी भरलं, शांतारामने खालून आणलेलं गंज सोडवायचं औषध घातलं आणि पंप सुरू केला. मग सात हीटर बंद ठेवून एकालाच सगळं पाणी, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला, असं दुपारपर्यंत चाललं. पाणी पुन्हा काळं झालं, पुन्हा काढलं, पुन्हा भरलं. चौथ्या खेपेला बादलीचा तळ दिसला.

मधेच राजीवचा फोन आला. "मोहिते, रिपोर्ट कुठाय?"

"लिहितोय, सर."

"बाद एवढंच तर लिहायचंय."

"बाद नाहीये, सर. साफ केली की चालेल."

"तुम्हाला साफ करायला कोणी सांगितलं?"

प्रेमानंदने खिडकीतून बाहेर पाहिलं. चोवीस वर्षांत त्याने वरिष्ठांना कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. "सर, जे चालू शकतं त्याला बाद म्हणून माझ्या सहीने कसं लिहू? तुम्हाला दुसरं कुणी पाठवायचं तर पाठवा." राजीव "उद्या बोलू" म्हणाला आणि फोन ठेवला.

संध्याकाळच्या आत बॉयलर पेटला. हॉलमधला हीटर तापला, खालपासून वरपर्यंत. मग स्वयंपाकघरातला, मग पाहुण्यांच्या बैठकीतला. शांताराम बैठकीतल्या हीटरला पाठ लावून जो बसला तो उठेना. "आता कसा, घरासारखा वाटता," तो म्हणाला आणि बसल्या बसल्याच घोरायला लागला. सात हीटर तापले. आठवा, बीबीच्या खोलीतला, गारच राहिला.

बीबी म्हणाली, "राहू दे, उस्ताद. मी हॉलमध्ये झोपेन."

"उद्याचा दिवस आहे, बीबी."

गुरुवारी सकाळी त्याने आधी गच्चीवर जाऊन हीटरांना पाणी पुरवणारी छोटी टाकी पाहिली. टाकीतला फ्लोट, म्हणजे तरंगता गोळा, किंचित खाली उतरलेला, आणि पाणी अगदी बारीक धारेने सतत आत येत होतं. म्हणजे खाली कुठेतरी गळत होतं. गळतंय म्हणून रोज ताजं पाणी आत, आणि ताज्या पाण्याने रोज नवा गंज. चार वर्षं हे असं चाललं असणार. तो खाली आला, स्क्रूड्रायव्हर पाइपावर टेकवला, मूठ कानाशी धरली आणि डोळे मिटले. हॉलमध्ये पाण्याची सळसळ. बोळात सळसळ. बीबीच्या खोलीच्या उंबऱ्याशी पाइप जमिनीखाली उतरत होता, तिथे सळसळ संपली. त्याच्याही खाली, अगदी हलकं, थेंबाचं टपटपणं.

"इथे आहे," तो म्हणाला. "फरशी काढावी लागेल."

उंबऱ्याशी एकच मोठी दगडी फरशी होती, हातभर रुंद. शांताराम छिन्नी आणायला वळला तशी बीबी म्हणाली, "फोडायची असेल तर नको. मला हॉल चालेल." ती गुडघे मोडून खाली बसली आणि शालीच्या टोकाने फरशी पुसली. "हा दगड त्याने वरच्या कड्याखालून आणला होता. बघ."

प्रेमानंदने मोबाइलचा उजेड तिरका धरला. दगडात शिंपले होते. बोटाच्या पेराएवढे, पंख्यासारख्या रेघांचे, शंभर दीडशे, एकमेकांवर पडलेले, दगडच होऊन गेलेले. गुहागरच्या किनाऱ्यावर ओहोटीला असेच पडलेले असतात. त्याने त्यांवरून बोट फिरवलं. समुद्र तर पार खाली, दोन तासांच्या घाटापलीकडे.

"नवरा म्हणायचा, हा डोंगर एकेकाळी पाण्याखाली होता," बीबी म्हणाली. "मला वाटायचं, खलाशी आहे, थापा मारतोय."

दोन हजार मीटर उंचीवर, धुक्यातल्या घरात, समुद्राच्या तळावर आपण उकिडवे बसलोय, असं प्रेमानंदला वाटलं. डोक्यावरून मासे जात असतील. तो बराच वेळ तसाच बसला. शांतारामनेही, नवल म्हणजे, घाई केली नाही. तोही वाकून बघत होता. "तिसऱ्यो," तो हळूच म्हणाला. "आमच्या खाडीत गावतत तश्यो."

फरशी फोडली नाही. प्रेमानंदने पातळ पट्टीने चारी बाजूंचा चुना खरवडला, सांध्यात थोडं थोडं पाणी सोडून मऊ केला, परत खरवडला. साध्या घरात तासाचं काम, इथे अर्धा दिवस गेला. दुपारी फरशी हलली. दोघांनी ती तान्ह्या मुलासारखी उचलली आणि बीबीच्या पलंगावर, गोधडीवर ठेवली.

खालची माती ओली होती. पाइपाचा जोड पाझरत होता, आणि जोडाच्या पुढे पाइप वाकून खोल गेला होता. त्या खोलगटात सगळ्या घराचा गाळ येऊन बसला होता. प्रेमानंदने पाइप कापला. आतून काळा गठ्ठा निघाला, हाताच्या पंजाएवढा लांब, पाइपाच्याच आकाराचा, घट्ट. त्याने तो बीबीला दाखवला. तिने नाक मुरडलं आणि मग हसली. पहिल्यांदाच हसली.

नवा पाइप त्याने खोल न नेता सरळ टाकला, जोड पक्के केले, फरशी जागेवर बसवली. पंप सुरू झाला. आधी हवेचा गुळगुळ आवाज आला. त्याने हीटरच्या कडेचा लहान नट सैल करून हवा सोडली, फुस्स करून दोन थेंब उडाले, आणि मग त्याच्या तळव्याखाली पत्रा हळूहळू जागा झाला. गार, मग गार नाही, मग कोमट. "बीबी, हात लावा," तो म्हणाला.

तिने आधी हात लावला, मग दुसरा हात, मग गाल. मग एक शाल काढून खुंटीला अडकवली. "तू बाहेर जा, उस्ताद," ती म्हणाली. "मी जरा पडते."

दार लोटून तो बाहेर आला. अंगणात ऊन होतं. फोन वाजला, राजीवचा.

"रात्री पाठवलात तो रिपोर्ट वाचला मी. फोटो पण पाहिले. एवढा गाळ?" राजीव म्हणाला. "मोहिते, काल तुम्ही बोललात ते... ठीक आहे. वर्षाचं मेन्टेनन्स आपल्याकडे घेतील का विचारा."

शुक्रवारी बीबीचा मुलगा आला. पुढचं प्रेमानंदला बीबीनेच फोनवर सांगितलं. मुलगा जोडे काढून घरभर अनवाणी हिंडला, प्रत्येक खोलीत जाऊन आला, आईच्या खोलीत जमिनीवर बसला आणि जेवायची हाक येईपर्यंत तिथेच बसून राहिला. कुलूप लावायची गोष्ट त्याने काढली नाही. सोबतीला मात्र आठवड्यातून दोन दिवस वर येईन म्हणाला, आणि येऊ लागला.

पठारावर अशी आणखी चार-पाच घरं निघाली, ज्यांचे हीटर कुणाला दुरुस्त करता येत नव्हते. एकाने दुसऱ्याला सांगितलं आणि प्रेमानंदच्या डोंगरावरच्या खेपा वाढल्या. बीबीच्या घरी पाइपांत आता गंज धरू न देणारं औषध होतं, वर्षातून एकदा पाणी तपासलं की पुरे. तरी दर खेपेला तो तिथे थांबायचाच.

एप्रिलमध्ये बीबीचा निरोप आला: गुलाब फुललेत, बायकोला घेऊन ये. विशाखाने ती शिकवायची त्या शाळेतून सुट्टी काढली. पहाटेच्या उजेडात ते पोचले तेव्हा सगळा उतार गुलाबी झाला होता आणि ऊन वर यायच्या आत फुलं तोडायची म्हणून बायका झुडपांतून वाकून चालत होत्या. बीबीने विशाखाच्या गळ्यात कापडाची झोळी अडकवली. एकीला मराठी, दुसरीला अरबी, आणि दोघींची हिंदी तोडकीमोडकी. तरी दोघी एका ओळीने फुलं तोडत पार खालच्या पायरीवर गेल्या आणि मधूनच हसण्याचा आवाज वर येत राहिला.

प्रेमानंद वरच्या पाटाकडेला अक्रोडाच्या झाडाखाली बसला होता. गुलाबपाणी काढायच्या भट्टीचा धूर उतारावर पसरत होता, त्याला फुलांचा आणि जळत्या लाकडाचा एकच वास होता. पाटात कुणीतरी सोडलेल्या दोन पाकळ्या वाहत आल्या, वळणाशी थांबल्या, पुढे गेल्या. त्याचे डोळे जड झाले.

विशाखा झोळी भरून वर आली तेव्हा तो गाढ झोपला होता, एक हात पाण्यात सोडून.

"उठवू का?" तिने विचारलं.

बीबीने मान हलवली. "नको. भट्टी तापायला अजून वेळ आहे." आणि तिने विशाखाच्या हातात दुसरी, रिकामी झोळी दिली.